बिनक्लचची गाडी

आईचा डावा गुडघा बोलायला लागला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तो आधीही दुखत असणार, पण आई दुखण्याला दुखणं म्हणायची नाही. "जरा आखडलाय" म्हणायची आणि टोपली उचलायची. शिवडीच्या कोळीवाड्यातलं आमचं घर म्हणजे एकावर एक अशा दोन खोल्या आणि मधे बाहेरून लोखंडी जिना. खाली स्वयंपाक, बाची जाळी, बर्फाची पेटी; वर आम्ही तिघं झोपायचो. आई पहाटे जिना उतरायची तो आवाज मला अंथरुणातच ऐकू यायचा. आधी तो धडधड असा एका दमात असायचा. त्या वर्षी तो तुटक झाला. एक पाऊल, मग जरा थांबणं, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. त्या आवाजावरून मला डोळे न उघडता कळायचं की आज गुडघा कसा आहे. खाली जाऊन ती चहा ठेवायची, कालची तांदळाची भाकरी तव्यावर कडक करून चहात बुडवून खायची, आणि गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला की निघायची. भाऊच्या धक्क्यावर लिलावात माल घ्यायचा आणि दादरच्या बाजारात आणून बसायचं, हे तिचं सगळं आयुष्य. बा होडीवर. तो मासे आणायचा, पण घर चालायचं आईच्या त्या दादरच्या जागेवर. ती जागा तिला तिच्या सासूने दिली होती.

सगळा घोटाळा टेम्पोचा होता. वाड्यातल्या सात-आठ जणी मिळून तो टेम्पो ठरवायच्या आणि मागे टोपल्यांच्या मधे उभ्या राहून जायच्या. गुडघा वाकेना तेव्हा आईला टेम्पोत चढता येईना. दोघी वरून ओढायच्या, एक खालून ढकलायची, आणि चौघी हसत सुटायच्या. आईही हसायची, पण घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून गुडघा चोळत बसायची. टॅक्सी करून बघितली. टॅक्सीवाला टोपली बघायचा, नाक वर करायचा आणि "उधर नहीं जाना" म्हणून निघून जायचा. मग एका रविवारी माझे काका घरी आले. कोलंबीचं कालवण दोनदा वाढून घेऊन त्यांनी हळूच विषय काढला. "वैनी, आता किती दिवस असा ओढशील? तुजी जागा माज्या सुनेला दे. तू आराम कर." आईने त्यांच्या ताटात तिसऱ्यांदा कालवण वाढलं आणि म्हणाली, "आदी जेव." काका वाईट नव्हते. पण ते गेल्यावर आईने भांडी इतकी आपटून घासली की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

परुळेकर बाई या आईच्या जुन्या गिऱ्हाईक. दादरच्या हिंदू कॉलनीत राहायच्या, दातांच्या डॉक्टर होत्या, आता दवाखाना बंद केला होता. त्या आल्या की आई टोपलीच्या तळातून पापलेट काढायची, जे दुसऱ्या कुणाला दाखवायचीही नाही. एक दिवस त्या म्हणाल्या, "हिराबाई, माझी गाडी विकायची आहे. डोळे आता साथ देत नाहीत. तुमच्या रोशनीला गाडी येते ना?" मला येत होती. परळच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मी शिकले होते आणि लायसनही काढलं होतं, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. आई म्हणाली, "पोरीला कालेज हाय. ती रोज कशी येल? आनी मना हा पाय."

"कुठला पाय?"

"डावा."

"मग झालंच की! हिला क्लच नाही. ऑटोमॅटिक आहे. उजव्या पायाने ब्रेक, उजव्याच पायाने अ‍ॅक्सिलरेटर. डाव्या पायाला काही कामच नाही. तो नुसता बसून राहतो."

आईने सुरी खाली ठेवली. जरा विचार केला. "म्हंजे माज्या नवऱ्यावानी," ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या सगळ्या जणी खो खो हसल्या.

पैशांचं त्या दोघींत काय ठरलं ते मला कधी कळलं नाही. एवढं खरं की परुळेकर बाईंच्या घरी त्यानंतर बरीच वर्षं पापलेट फुकट जात होतं. गाडी लहानशी, चंदेरी रंगाची, कमी चाललेली. बाईंनी मला शेजारी बसवून तासभर समजावलं. चालू करताना ब्रेकवर पाय हवाच. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दांडा पुढून मागच्या गियरला टाकायचा नाही. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. उभी करताना आधी हँडब्रेक, मग पार्क, मग ब्रेकवरचा पाय काढायचा, म्हणजे सगळं वजन गियरबॉक्सच्या एका दातावर येत नाही. "दातांचं मला कळतं बरं का," त्या म्हणाल्या. आणि शेवटी, "चढावर थांबलीस तर ब्रेक दाबून थांब. अ‍ॅक्सिलरेटरवर तरंगत ठेवू नकोस, आतलं तेल तापतं." हे शेवटचं मी आईला घरी येऊन नीट सांगितलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते.

आई गाडीला गारी म्हणायची, बासुद्धा. गारीची पूजा गल्लीत झाली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, बाने समोर उभं राहून नारळ वाढवला. सगळा वाडा जमला होता, म्हणून आई हट्टाने ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तिला फक्त लिंबांवरून गाडी एक वीतभर न्यायची होती. मी शेजारून इंजिन चालू करून दिलं, तिने दांडा खाली ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढून दोन्ही हात जोडले. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपली आपण चालायला लागते हे मी सांगायचं राहून गेलं होतं. गाडीने लिंबं चिरडली आणि संथपणे, अगदी मिरवणुकीसारखी, बाच्या दिशेने निघाली. बा आयुष्यभर दर्यात वादळं बघितलेला माणूस. तो अर्धा नारळ हातात घेऊन उलटा चालत सुटला आणि बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांत जाऊन अडकला. मी हँडब्रेक ओढला. आई ओरडत होती, "मी काय नाय केला! ती आपलीच चालली!" बाच्या कानावर एक बोंबील लोंबत होता. पुढे कितीतरी दिवस तो गाडीत बसला की छताजवळची कडी दोन्ही हातांनी धरून बसायचा. मी म्हणायचे, "बा, तू होडीत तर काहीच धरत नाहीस." तो म्हणायचा, "होडीला मी वलखतो."

आई चौथीपर्यंत शिकलेली. मराठी वाचायची, इंग्रजी नाही. दांड्यापाशी पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल आणि ड्राइव्हची चार अक्षरं होती, ती तिला एकदाच विचारून माशांच्या नावांनी पाठ झाली. पी म्हणजे पापलेट, आर म्हणजे रावस, एन म्हणजे निवटी, डी म्हणजे दाढा. रविवारी सकाळी आम्ही वडाळ्याच्या मिठागरांकडच्या मोकळ्या रस्त्यावर जायचो आणि मी शेजारून ओरडायचे, "आये, थांब पूर्ण! आता रावस!" दूर चिखलात रोहित पक्षी एका पायावर उभे असायचे. आई म्हणायची, "बग, त्यांचा पन एकच पाय कामाला." तिला चुकीच्या सवयी नव्हत्या, कारण तिने आयुष्यात काहीच चालवलं नव्हतं. सवयी मला होत्या. पहिल्या आठवड्यात धक्क्यावरून माल घेऊन मीच गाडी चालवत होते. कॉटन ग्रीनच्या वळणावर माझा डावा पाय शिकवल्याप्रमाणे क्लच शोधायला गेला. सापडला ब्रेक, आणि मी तो क्लचसारखा दणकून दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. मागच्या सीटवरचा बांगड्यांचा टब पुढे आला आणि अर्धे बांगडे आईच्या मांडीवर, उरलेले गियरच्या दांड्याभोवती. आईने एक बांगडा उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे टबात टाकला. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारी बसून माझा डावा गुडघा हाताने दाबून धरायची. "ह्याला सुट्टी हाय," म्हणायची. चार दिवसांत माझा पाय गप्प झाला. आता माझ्या गाडीत दांडासुद्धा नाही, एक चकती फिरवली की झालं. तरी अजून कधी सिग्नलला उभी असले की डाव्या गुडघ्यावर तो ओला, थंड हात आहे असं वाटतं.

आईने लायसनची परीक्षा दिली आणि पहिल्याच खेपेला पास झाली. खरी कुरकुर वासाची होती. आम्ही मागे जाड प्लास्टिक अंथरायचो, टबांना झाकणं लावायचो, बर्फाचं पाणी गळू नये म्हणून खाली गोणपाट, आणि बाजारातून आल्यावर आई गाडी अशी धुवायची की जणू तिला नवरी करून पाठवायची आहे. तरी वास राहायचा. त्याला आम्ही सरावलो. पहाटे आता आई चालवायची, मी शेजारी. खरं तर माझी गरज नव्हती. पण ती एकटी निघाली तर काय, ही भीती मला होती आणि बहुतेक तिलाही, आणि आम्ही दोघी ती एकमेकींना सांगत नव्हतो. माझं पहिलं लेक्चर रोज बुडत होतं.

त्या सकाळी धक्क्यावर माल उत्तम मिळाला होता. सरंगे, बोंबील, थोडी कोलंबी, आणि एक मोठा रावस, तो आईने भांडून घेतला होता. काकांनी आदल्या दिवशी निरोप दिला होता की ते सकाळी बाजारात येतील, जागेचं एकदा काय ते ठरवून टाकू. आई रस्ताभर पुढच्या प्रत्येक गाडीला हॉर्न देत होती. लालबागच्या पुलावर चढलो तर पुढे सगळं ठप्प. वरती कुठेतरी ट्रक बंद पडला होता. गाड्या वीतभर सरकायच्या आणि थांबायच्या. आम्ही डाव्या बाजूला, कठड्याला लागून, चढावर. मी बघितलं तर आईचा पाय ब्रेकवर नव्हताच. ती अ‍ॅक्सिलरेटर हळूच दाबून गाडी चढावर जागच्या जागी तोलून धरत होती, ना पुढे, ना मागे.

"आये, बाई काय म्हणाल्या होत्या? ब्रेकवर पाय ठेव."

"कनाला? बग कशी थांबलीय. पुडे सरकायचा झाला तर पटकन जाता येता."

"तेल तापतं आतलं."

"तापू दे. माजा पन तापलाय."

तिचं डोकं काकांमुळे तापलं होतं, मला माहीत होतं. थोड्या वेळाने समोर एक दिवा लागला, जो मी कधी पाहिला नव्हता. मग जळकट वास आला. माशाचा नव्हे, त्यातूनही वेगळा ओळखू येणारा. पुढची गाडी सरकली, आईने पाय दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी मात्र हललीच नाही. उलट जराशी मागे गेली. मागून हॉर्नचा एकच कल्लोळ झाला. आईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे तसे मी आधी कधी पाहिले नव्हते. घाबरलेली आई मला तोवर माहीतच नव्हती.

"ब्रेक दाब," मी म्हटलं. "गच्च. आता हँडब्रेक ओढ. आता पापलेट. हळूच सोड पाय." गाडी उभी राहिली. मी दोन्हीकडचे दिवे लुकलुकते केले, एसी बंद केला, इंजिन मात्र चालू ठेवलं. गाडी पार्कमध्ये असली की आतलं तेल फिरत राहतं आणि निवतं, हे बाईंनी सांगितलेलं आठवलं. डिकीतला लाल त्रिकोण काढून मागे लांब नेऊन ठेवला.

तोवर माणसं जमली. मागच्या टेम्पोतून एक जाडजूड गृहस्थ दोर घेऊन उतरले. मनाने चांगले होते. "न्यूट्रल करा ताई, मी पुढे येऊन बांधतो. दादरपर्यंत ओढून सोडतो."

"नको काका. ही ऑटोमॅटिक आहे. चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गियरबॉक्स जाईल. पुढची चाकं उचलूनच न्यावी लागते. आणि न्यायची गरज नाही, तेल निवलं की चालेल."

"अगं, मी इतकी वर्षं गाड्या ओढतोय."

दुसरा एक जण म्हणाला, "एवढीशी पोर, तिला काय विचारता? आजी, तुम्ही सांगा, बांधू का दोर?"

आजी म्हटल्यावर आई खाली उतरली. गुडघा धरून, कठड्याला टेकून, पदर खोचून उभी राहिली. वाड्यात भांडण निघालं की ती अशी उभी राहायची. मला वाटलं आता ती त्या माणसाला फैलावर घेणार. पण ती म्हणाली, "मगाशी ही मना सांगत व्हती ता मी आयकला नाय, म्हनून ही गत झाली. आता ही सांगेल तसाच व्हनार. दोर ठेव तुजा."

आईने चारचौघांत, तेही अनोळखी पुरुषांपुढे, माझं ऐकलं होतं. आजवर मी घरात "पोर" होते. पोरीने बर्फ फोडायचा आणि निरोप पोचवायचे. त्या पुलावर, हॉर्नच्या गोंगाटात, मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं, पण आता मी सांगितलेलं चुकलं तर?

"किती वेळ?" आईने मला विचारलं.

"दिवा विझेपर्यंत. अर्धा तास असेल."

"बर्फ टिकेल तवरा," ती म्हणाली. मग तिने आजूबाजूला नजर फिरवली. पुढे-मागे गाड्या गच्च उभ्या, कुणी कुठे जात नाही, शेजारी एक बस माणसांनी भरलेली. तिने डिकी उघडली, एक रिकामा टब उलटा करून कठड्याला लागून ठेवला, त्यावर बसली, आणि बाजारात द्यायची तशी हाळी दिली. "ताजा सरंगा! बोंबील घ्या बोंबील! धक्क्यावरचा हाय, अजून दादर बगला नाय त्यानी!"

आधी लोक हसले. मग बसच्या खिडकीतून एका बाईने विचारलं, "बोंबील कसे?" आईने भाव सांगितला, बाईने कमी केला, आईने कपाळावर हात मारला, आणि त्या बाईने आपली डब्याची पिशवी खिडकीतून खाली सोडली. मी ती झेलली, भरली, वर दिली. मग दुसरी पिशवी आली. एका गाडीतले सुटाबुटातले गृहस्थ काच खाली करून कोलंबी मागायला लागले आणि फोनवर बायकोला विचारू लागले की सोलून घेऊ का. "सोलायला टाइम नाय सायब, पूल सुटेल," आई म्हणाली. दोर घेऊन आलेल्या काकांनी एक सरंगा घेतला आणि स्वतःच दोराने पिशवी बांधली.

ट्रॅफिकचा हवालदार मोटरसायकलवरून वाट काढत आला, तेव्हा आमच्याभोवती गर्दी होती. "हे काय चाललंय? पुलावर बाजार?"

मी पुढे झाले. काय झालं, काय केलं, गाडी किती वेळात निघेल, सगळं सांगितलं. त्याने लाल त्रिकोण बघितला, लुकलुकते दिवे बघितले, आणि मागच्या गाड्यांना उजवीकडून काढायला सुरुवात केली. "पाच मिनिटांत आवरा मावशी," आईला म्हणाला. जाताना थांबून त्याने टबात डोकावलं. "माझी आई नायगावला असते. तिला असा रावस मिळत नाही हो."

"ड्यूटी झाली की दादरला ये," आई म्हणाली. "ठेवीन."

ट्रक हलला आणि गाड्या सुटल्या, तेव्हाच आमचा दिवाही विझला होता. आईने पाय ब्रेकवर ठेवला, दांडा दाढ्यावर आणला, हँडब्रेक सोडला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सोरू?" मी मान हलवली. गाडी काही झालंच नाही अशा थाटात चढ चढून गेली. उतारावर आम्ही दोघी एकदम हसायला लागलो, आणि मग परळ येईपर्यंत थांबताच येईना.

बाजारात काका आधीच येऊन आईच्या जागेवर, रिकाम्या फळीवर, हात मांडीवर ठेवून बसले होते. आईने त्यांच्यापुढे टब ठेवला. आत हवालदाराचा रावस आणि चार सरंगे.

"वैनी, एवराच माल?"

"इकला."

"कुठं इकला? बाजार आता तर उगरलाय!"

"लालबागच्या पुलाव," आई म्हणाली. "उठ जरा, मना बसायचाय."

काका उठले. जागेचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि नंतरही नाही. त्यांच्या सुनेला पुढे आईनेच आपल्या बाजूची एक फळी मिळवून दिली, ती गोष्ट निराळी. त्या दुपारी आम्ही गाडी वडाळ्याच्या गॅरेजमध्ये नेली. गियरबॉक्सचं तेल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. ते बदललं, आणि नुकसान तेवढ्यावरच भागलं. परुळेकर बाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग आईला रागावल्याही, चांगल्या दहा मिनिटं. आईने खाली मान घालून ऐकून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एकदा मला जाग आली, तर खोलीत ऊन आलं होतं. मी धडपडत जिना उतरले. बा खाली जाळं विणत बसला होता. आई नव्हती, बर्फाची पेटी उघडी होती, किल्ली नव्हती.

"आये कुठंय?"

"गेली."

"एकटी?"

"मी बोललो, पोरीला उठवू? तर म्हनली, झोपू दे. तिला कालेज हाय."

मी तोंडावर पाणी मारलं आणि तशीच बस पकडून दादरला गेले. गाडी बाजाराच्या मागच्या गल्लीत उभी होती. मी काचेला दोन्ही हात लावून आत डोकावले. हँडब्रेक ओढलेला. दांडा पार्कमध्ये. चाकं सरळ. मागच्या सीटवरचं प्लास्टिक पुसून घडी घालून ठेवलेलं. मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. मग बाजारात शिरले. आई सरंगा कापत होती, गिऱ्हाईकाशी भावावरून वाद घालत होती. मान वर करून तिने मला बघितलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हितं काय करतेस? लेक्चर बुडंल! जा!"

मी गेले. पहिल्या लेक्चरला वर्गात शिरले तेव्हा, त्या महिन्यात पहिल्यांदाच, सर अजून आले नव्हते.